आजीची वही सुरू करण्याआधी

अगं, काल फोनवर केवढी चिडली होतीस! आजी आधी म्हणाली, लग्न होऊन सासरी बैलगाडीनं आले. परवा म्हणाली, एसटीनं. आणि तू तिच्या आठवणींची वहीच मिटून ठेवलीस. वेडाबाई, खरी गंमत तर आता सुरू झाली. वही पुन्हा उघडण्याआधी ही चार पुस्तकं बघ.

फ्रेडरिक बार्टलेट म्हणून केंब्रिजचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं 'रिमेम्बरिंग' 1932 चं. त्यांनी तिथल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला लावली. तर कथेतल्या 'कनू'ची झाली साधी होडी, आणि सीलची शिकार जाऊन आली मासेमारी! थापा कुणीच मारल्या नव्हत्या. परकी गोष्ट नकळत ओळखीची करून घेतली होती. पुस्तक जड आहे, तेवढा प्रयोग वाच नि ठेवून दे.

'स्मृतिचित्रे' मात्र सावकाश वाच. लक्ष्मीबाई टिळक लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि पहिला भाग आला 1934 साली, साठी उलटल्यावर. वडिलांचं टोकाचं सोवळं काय, 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाल्यावरची ताटातूट काय, जिथं आपण रडत बसलो असतो तिथं ही बाई हसवते, आणि स्वतःलाही सोडत नाही. बोलावं तसं लिहिलंय. तू आजीची वाक्यं 'शुद्ध' करायला निघाली होतीस ना, म्हणून आधी हे.

मग 'बलुतं', 1978 चं. दया पवारांचं खरं नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात ते या दगडूलाच समोर बसवून बोलतं करतात. ज्यानं सोसलं तो एक, ऐकणारा दुसरा. एका बैठकीत वाचून होईल असं समजू नकोस, मला मध्येच थांबावं लागलं होतं.

फ्रान्सच्या आनी एर्नोंचं 'द इयर्स' जमलं तर बघ. जुन्या फोटोतल्या स्वतःला त्या 'मी' म्हणत नाहीत, 'ती' म्हणतात.

आणि बैलगाडीचं म्हणशील, तर पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला सुटली. आजीचं लग्न त्यानंतरचं. फाट्यापर्यंत एसटी नि पुढे बैलगाडी, असंही असेल. पण हे तिला सुचवू नकोस हं! एकदा सुचवलंस, की तिलाही तसंच आठवायला लागेल.