ल्युपसची ओळख : परिचारिकेच्या नजरेतून

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, थोडक्यात ल्युपस, या व्याधीत शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच पेशींवर उलटते. हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटवाटीने वा सहवासाने तो कुणाला होत नाही, हे आम्ही कुटुंबीयांना सर्वप्रथम सांगतो. १० रुग्णांत साधारण ९ स्त्रिया असतात, त्याही बहुधा १५ ते ४५ या वयातल्या. म्हणजे ज्यांच्या दुखण्याकडे घराचे लक्ष सर्वांत शेवटी जाते.

निदान लांबते ते लक्षणे अगदी साधी असल्यामुळे. थकवा, बारीक ताप, सकाळी आखडलेली बोटे, गळणारे केस. प्रत्येक तक्रार निराळ्या वेळी, निराळ्या डॉक्टरांपुढे जाते. ताप आणि वजनातील घट पाहून क्षयाची शंका येते, आणि आपल्याकडे ती येणे रास्तच आहे. गालांवर व नाकाच्या दांड्यावर उमटणारा फुलपाखराच्या आकाराचा चट्टा पुस्तकांतील चित्रांत लालभडक असतो. सावळ्या कांतीवर तो काळपट वा जांभळट दिसतो आणि ‘वांग आले’ म्हणून मलमावर भागवले जाते. नाकपुडीपासून ओठाच्या कडेकडे उतरणारी घडी या चट्ट्यातून बहुधा सुटते, ही खूण आम्ही शिकाऊ परिचारिकांना आवर्जून दाखवतो. टाळूवरील व्रण पुष्कळदा दुखत नाहीत, म्हणून रुग्ण त्यांविषयी बोलत नाही. विजेरी लावून पाहावे लागते.

सर्वांत फसवा विकार मूत्रपिंडाचा. तेथे वेदना नसते. लघवीला फेस, सकाळी पापण्यांवर सूज, पायावर बोट दाबल्यास राहणारा खळगा, वाढलेला रक्तदाब, एवढेच दिसते; कित्येकदा तेवढेही नाही. म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजणे व लघवीतील प्रथिने पाहणे आम्ही अनिवार्य मानतो. त्यासाठी लागणारी पट्टी अल्प किमतीची असून निष्कर्ष एक-दोन मिनिटांत मिळतो. याउलट, एएनए ही रक्तचाचणी होकारार्थी आली म्हणजे ल्युपस झालाच असे नव्हे. निरोगी व्यक्तींतही ती तशी येऊ शकते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही त्या चाचणीने विचाराला केवळ सुरुवात होते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषध बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावे लागते व त्यासाठी नेत्रतपासणी ठरल्या वेळी करावी लागते. बरे वाटले म्हणून स्टेरॉइडची गोळी एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. गर्भधारणेचा विचार रोग किमान सहा महिने शांत राहिल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

उन्हाने हा रोग उफाळतो. परंतु खुरपणीला जाणाऱ्या स्त्रीस ‘ऊन टाळा’ एवढेच सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावरून पुढे ओढलेला रुमाल, दुपारचे काम सकाळी उरकणे, असे तिच्या दिनक्रमात बसेल तेच आम्ही सुचवतो. छातीत दुखणे, धाप, झटका, किंवा स्टेरॉइड चालू असताना आलेला ताप यांपैकी काहीही झाल्यास पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णास तत्काळ घेऊन यावे.