चि. बाळ यास, ठाण्याहून



काल तुझी आई डोंबिवलीहून दोन गाड्या सोडून तिसरीत कशीबशी चढून येथे आली आणि आजीसमोर बोलता येईना म्हणून मला गच्चीवर नेऊन रडली. मुलगा टॉवेल निराळा ठेवतो, सांगून आलेले स्थळ पाहण्यास नकार देतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीतला दिवा जळत असतो, एवढीच हकीकत तिला ठाऊक. उरलेली मला धाकट्याकडून कळली: जांघेतले चट्टे दोन महिने हटत नाहीत, म्हणून एच.आय.व्ही. झाल्याचा निकाल तू परस्पर लावून मोकळा झाला आहेस. चौकशी नाही, पुरावा नाही आणि थेट शिक्षा! बी.एस्सी. झालेल्या माणसाने असा न्याय करावा?

अरे, ज्यास आपल्या घरात नायटा म्हणत आले, तो बुरशीचा उद्योग आहे. आणि सकाळच्या फास्ट गाडीत दाराशी चेंगरून, घामाने भिजलेली जाड जीन संध्याकाळपर्यंत वागवून, पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे चढवणाऱ्या माणसाच्या जांघेहून अधिक सुपीक जमीन तिला कोठे मिळणार? प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या एच.आय.व्ही.बाधितांत ती अंगभर पसरू शकते, हे खरे. परंतु त्यावरून नायटा झालेला प्रत्येक जण बाधित ठरवायचा, तर कर्जत-कसाऱ्यापासून मुंबईपर्यंतचे निम्मे पासधारक बाधित ठरतील.

मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावतोस, असेही कळले. असल्या ट्यूबांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने खाज चार दिवस निवते, बुरशी मात्र पोसली जाते. शिवाय २०२० साली जपानी संशोधकांनी जिचे नामकरण केले, ती नावातच आपला देश मिरवणारी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ बुरशी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही पुष्कळदा दाद देत नाही. दोन महिन्यांचे नवल ते काय! ट्यूब फेक, त्वचारोगतज्ज्ञास दाखव आणि खाज थांबली तरी तो सांगेल तितके आठवडे औषध घे. रात्री झोपतोस का, हे मात्र मला कळव.

धास्ती चट्ट्यांतून न उपजता एखाद्या प्रसंगातून उपजली असेल, तर तो प्रसंग मी विचारणार नाही. त्याचा जबाब कातडीकडे मागू नकोस, रक्ताकडे माग. तीन महिने उलटले असतील तर चाचणीचा निकाल पक्का समजावा. नसतील तर आज करून मुदत भरल्यावर पुन्हा करावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते, २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून होत नाही आणि निकाल गुप्त राहतो. डोंबिवलीत ओळखीचे कुणी भेटेल असे वाटत असेल तर ठाण्यास ये. आणि निकाल वाईट आलाच, तरी २००४ पासून सरकार औषधे मोफत देत आहे; ती नेमाने घेणारी माणसे संसार करतात, म्हातारी होतात. त्यासाठी रात्री जागण्याचे कारण नाही.

मला बोलण्याचा अधिकार किती, हे मी जाणतो. १९९० च्या सुमारास, कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या माझ्या मित्राच्या अंगावर चट्टे उठले, तो रोडावला आणि दप्तरात कुजबुज सुरू झाली. तेव्हा त्याच्या डब्यातली भाजी घेणे मी बंद केले आणि माझा पेला कपाटात कुलपात ठेवू लागलो. त्यास मधुमेह होता. ते कळेपर्यंत तो बदली मागून निघून गेला होता. तुझी आई भाऊबीजेला माझ्याबरोबर त्यालाही ओवाळीत असे. ती अजून त्याची चौकशी करते आणि मी विषय बदलतो.

रागावून लिहिले, ते मनावर घेऊ नकोस. टॉवेलाने एच.आय.व्ही. पसरत नाही, बुरशी पसरते. तेव्हा तो निराळा ठेवलास, तेवढे बरोबरच केलेस. शनिवारी दहा वाजता डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेस तिकीटखिडकीपाशी मी उभा असेन. डॉक्टरकडे आत तू एकटा जा, मी बाहेर बाकावर बसेन. दुपारी जेवायला ठाण्यास यायचे आहे. आजीने तुझ्यासाठी अळूवड्या करायचे ठरवले आहे आणि तिला यातले काही माहीत नाही.

तुझा,
मामा