पानं फुटली म्हणजे मुळं लागली असं नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे, डेकवर, दीड फुटाचा एक जपानी मेपल आहे. त्याच्या डाव्या अंगाला फांदीच नाही. येणारे-जाणारे विचारतात, “मुद्दाम असा आकार दिलाय का?” मी मान डोलावते. खरी गोष्ट इथे सांगते.

तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला मी त्याची कुंडी बदलली. वेळ अगदी बरोबर साधली होती: डोळे फुगलेले, पण पानं अजून मिटलेली. जुनी माती काडीने मोकळी केली, मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटला आणि आकादामा (दाणेदार जपानी माती) नि प्युमिसच्या खड्यांत झाड बसवलं. आई फोनवर म्हणाली, “आता बाळंतीणच समज. सव्वा महिना जप. वारं लागू देऊ नकोस आणि खायला-प्यायला नीट घाल.”

पंधरा-वीस दिवसांत लालसर पानं उलगडली. मी हरखले. पानं आली, म्हणजे मुळं लागली, असा सरळ हिशेब केला. झाड उन्हात ठेवलं, खत घातलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. मग एप्रिलमध्ये दोन दिवस कोरडा, सोसाट्याचा वारा सुटला. पानांच्या कडा करपल्या, कोवळे शेंडे माना टाकून बसले. तहान लागली असेल म्हणून मी आणखी पाणी ओतलं. महिनाअखेरीला डावी फांदी काळी पडली.

आमची तासगावला द्राक्षबाग आहे. व्हिडिओ कॉलवर झाड बघून बाबांनी एवढंच विचारलं, “पांढरी मुळी चालू झाली होती का? नव्हती, तर मग खत कुणासाठी घातलंस गं?”

माझी चूक त्या प्रश्नात होती. पांढरी मुळी म्हणजे पाणी नि खत शोषणारी नवी, कोवळी मुळं. वसंतातली पहिली पानं फुटतात ती झाडाने गेल्या वर्षी साठवून ठेवलेल्या अन्नावर. मुळं कामाला लागल्याची ती खूण नव्हे. छाटलेल्या मुळांना पाणी पुरेसं ओढता येत नाही. पानं मात्र ते उडवत राहतात, आणि ऊन-वाऱ्यात दुपटीने उडवतात. वर पानं तहानलेली आणि खाली कुंडी चिंब, अशी गत होते. खड्यांमधली हवा गेली की छाटलेल्या जागा कुजू लागतात. त्यात खताचे क्षार त्या जखमांना आणखी भाजतात.

यंदा मार्चमध्ये पुन्हा कुंडी बदलली. आता माझी रीत अशी.

झाड कुंडीच्या भोकांतून ओवलेल्या तारेने घट्ट बांधते. खोड हललं, की नवी केसासारखी मुळं तुटतात. पहिलं पाणी खालून नितळ येईपर्यंत देते. त्यानंतर रोज पाणी देत नाही, रोज तपासते. खड्यांत एक लाकडी काडी खोचलेली असते. ती उपसून बघायची. ओलसर असेल तर झारीला हात लावायचा नाही. पावसाची झड लागली, तर कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवते, म्हणजे निचरा होतो.

जागा आडोशाची हवी. सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारी सावली. इकडे एप्रिलमध्येही रात्री पारा शून्याखाली जातो, आणि नुकत्याच छाटलेल्या मुळांना ते सोसत नाही. अशा रात्री कुंडी गॅरेजमध्ये, सकाळी परत बाहेर. उबदार दिवाणखान्यात मात्र आणू नये. तिथे कमी उजेडात शेंडे लांबट, लेचेपेचे होतात.

कात्रीही बाजूला ठेवावी. एरवी मेपलचे कोवळे शेंडे खुडतात, पण या वसंतात नाही. मुळं वाढवायला लागणारं अन्न ही पानंच करणार. कडा करपल्या तरी अर्धं हिरवं पान तोडू नये. फांदी गेली असं वाटलं, तर नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवं दिसलं तर झाड सावलीत ठेवून वाट बघावी.

खत सर्वांत शेवटी. पानं हाताला जाडसर, टणक लागू लागली आणि नवे शेंडे जोमाने निघाले, की पांढरी मुळी चालली असं धरावं. सव्वा महिना तरी जातोच. मग सौम्य खत, तेही बेताने.

म्हणजे आईचा सल्ला निम्मा बरोबर होता. वारं लागू द्यायचं नाही हे खरं. पण ही बाळंतीण डिंकाचे लाडू सव्वा महिन्यानंतर खाते.

परवा आईने विचारलंच, “काय घातलंस गं त्याला या खेपेला?”

म्हटलं, “काही नाही. रोज काडी बघते आणि परत घरात येते.”