‘तेल लागले’ म्हणजे नेमके काय?

रिसोड किंवा मंगरूळपीरच्या शिवारात बोअर घेताना आपण पाहिले असेल. काळ्या पाषाणाची भुकटी वर येते, ती ओलसर होते आणि कोणीतरी म्हणते, ‘पाणी लागले!’ ते मे महिन्यापर्यंत टिकेल काय, हे मात्र त्या क्षणी कळत नाही. कर्ज काढून बोअर घेणाऱ्याचा खरा प्रश्न तोच असतो. समुद्रातील अन्वेषण विहिरीचाही प्रश्न हाच आहे.

१९७३च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले आणि किमती कडाडल्या. भारताची भिस्त आयातीवर होती. अशा वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या मंचाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात पहिली विहीर खोदली. हा मंच आपले पाय समुद्रतळावर टेकवून लाटांच्या वर उभा राहतो. त्याच महिन्यात तेल लागले.

येथे कारंज्याचे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. आपल्या बोअरमधील भुकटी दाबाच्या हवेने वर येते. तेलविहिरीत ते काम चिखलासारखा जड द्रव करतो. पोकळ नळ्यांतून तो खाली जातो आणि खडकाचे तुकडे घेऊन परततो. त्याच्या भाराने खडकातील तेल व वायू दाबून धरले जातात. भार कमी पडला तर विहीर उफाळते. फार वाढला तर द्रव खडकात शिरून तेलाच्या खुणा झाकतो. म्हणजे जे शोधायचे, तेच आवरून धरावे लागते! म्हणून पुरावा वाचावा लागतो. अतिनील प्रकाशात तेलाचा अंश असलेले तुकडे चमकतात. विहिरीत उपकरण सोडून खडकाचा विद्युत्‌रोध मोजतात: खारे पाणी वीज वाहून नेते, तेल नेत नाही. परंतु छिद्रे नसलेला घट्ट खडकही वीज रोखतो. त्यामुळे सच्छिद्रता वेगळी मोजावी लागते.

यानंतर खरी कसोटी. ठरावीक थर काही काळ वाहू देतात, मग झडप बंद करून दाब किती व कसा पूर्ववत होतो ते पाहतात. पंप थांबवून बोअरची पातळी पाहणारा शेतकरी हेच करतो. थोडेसे तेल निघताच दाब कायमचा उतरला, तर साठा लहान असण्याचा संभव अधिक. शिवाय एक विहीर म्हणजे एकच बिंदू. क्षेत्राचा विस्तार आजूबाजूच्या विहिरींनीच कळतो. ‘बॉम्बे हाय’मधून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले ते मे १९७६ मध्ये. तेथील तेल मुख्यतः चुनखडकात आहे. मुंबईलगतच्या समुद्रतळाखाली, या थरांच्याही खाली, अनेक ठिकाणी वाशिमचाच काळा पाषाण पसरलेला आहे.

स्वयं-अध्ययन : ‘तेल लागले’ आणि ‘तेलक्षेत्र सापडले’ या दोन विधानांतील अंतर, आपल्या परिचयाच्या एखाद्या बोअरचा दाखला देऊन, दहा ओळींत स्पष्ट करा.