रस्ता अपघातात जखमी झालात? आधी कागद सांभाळा

पहिला फोन १०८ किंवा ११२ ला करा. १०८ च्या रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे: वाहन अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. तरी काउंटरवर डिपॉझिट मागितले, तर योजनेबद्दल स्पष्ट विचारा. भरावेच लागले तर पावती घेतल्याशिवाय हलू नका.

आता सगळ्यात नाजूक जागा, केसपेपर. दाखल करताना डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ घाबरलेला नातेवाईक म्हणतो, ‘गाडीवरून पडले.’ तेवढेच लिहिले जाते. पुढे सुनावणीत विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ दाखवतो: धडक कुठे आहे, हे तर घसरून पडले! म्हणून कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता धडक दिली, ते सांगा, नंबर माहीत असेल तर तोही सांगा आणि एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद झाली का ते विचारा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, रिक्षाच्या पावत्या, सगळे एका फाइलमध्ये ठेवा. मेडिक्लेमसाठी मूळ बिले द्यायची असतील तर आधी साक्षांकित प्रती काढा. रुग्णालयाकडे उपचारांचे कागद लेखी मागितले, तर ते ७२ तासांत मिळायला हवेत.

पोलिसांत एफआयआर नोंदवा. हद्दीचे कारण ऐकून परत फिरू नका. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि फिर्यादीला प्रत मोफत मिळते. स्थळ पंचनामा, समोरच्या गाडीचे आरसी, लायसन्स आणि विमा पॉलिसी यांच्या प्रतीही घ्या. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो दावा म्हणून धरला जाऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका.

भरपाईचा अर्ज याच न्यायाधिकरणात करायचा असतो. मुदत अपघातापासून सहा महिने. प्लास्टर निघेपर्यंत थांबलात तर त्यातले बरेच दिवस गेलेले असतात. अपघात नाशिकजवळ झाला आणि तुम्ही सोलापूरला राहता, तर सोलापुरातही दावा चालतो. उत्पन्नाच्या पुराव्यासाठी पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र जोडा. अपंगत्वाचा दाखला लागेल. त्यावरची टक्केवारी हा शेवटचा शब्द नाही, कमाईवर काय परिणाम झाला ते पाहिले जाते. शिंप्याची दोन बोटे गेली आणि शिक्षकाची गेली, तर नुकसान सारखे नसते. तुमचे काम कसे अडले ते अर्जात तपशीलवार लिहायला लावा.

खर्चात कोर्ट फी आणि वकिलाची फी येते. रुग्णालयाच्या दारात भेटणारा एजंट ‘आधी काही नको, मिळाल्यावर तीस टक्के’ म्हणतो. ऐकू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला भरपाईत वाटा ठरवताच येत नाही. फी आधी ठरवा, ती लिहून घ्या, पावती मागा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही. भरपाई तुमच्याच खात्यात यायला हवी, पासबुक दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

झटपट तडजोडीत मोठा सापळा आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख मिळतात. मात्र विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. लोकअदालतीतला निवाडाही अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पुढची शस्त्रक्रिया बाकी असेल तर घाई करू नका. जागेवरच दोन-पाच हजार घेऊन ‘तक्रार नाही’ असे लिहून देणे तर अजिबात नको.

धडक देऊन गाडी पळाली, नंबर सापडलाच नाही, तर अपघात झाला त्या भागातल्या प्रांताधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करा: मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना तिथे वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००.