टाकीतल्या फ्लोटविषयी



तुझे पत्र पोचले. कसारा घाट चढताना, पेट्रोलचा काटा निम्म्यावर असताना, तुझ्या वडिलांची जुनी मोटारसायकल पेट्रोलावाचून बंद पडली. कॉक रिझर्व्हवर फिरवायला जावे तर तो आधीपासूनच रिझर्व्हवर होता. आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराने काहीही न तपासता सबंध मीटरच बदलून टाकण्याची शिफारस केली, हा सारा वृत्तान्त वाचला. मीटर विकत घेण्यापूर्वी तू मला विचारलेस याचे मला मनापासून समाधान वाटते. कारण ज्या वस्तूचा दोष शाबीत झालेला नाही ती बदलण्यात पैशाचा अपव्यय तर होतोच, पण त्याहून मोठे नुकसान हे की, खरा दोष कोठे होता हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

दुरुस्तीच्या आधी एक सवय मोडायची आहे. १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली बुलेट किंवा १९६१ पासून म्हैसुरात तयार होऊ लागलेली जावा या गाड्यांना पेट्रोलचा काटाच नसे. स्वार टाकीचे झाकण उघडून, गाडी जराशी हलवून, आत डोकावून अंदाज घेई, आणि त्याची खरी भिस्त कॉकवर असे. रिझर्व्ह म्हणजे पेट्रोलची निराळी कोठी नव्हे. कॉकला टाकीत दोन तोंडे असतात, त्यांपैकी नेहमीचे तोंड तळापासून काहीसे उंचावर आणि रिझर्व्हचे तळालगत, एवढाच काय तो भेद. त्यामुळे कॉक सदैव रिझर्व्हवर ठेवणारा मनुष्य शेवटची सूचना स्वतःच्या हाताने रद्द करीत असतो. काटा दुरुस्त झाल्यावरही कॉक ‘ऑन’वरच राहिला पाहिजे, हे आजच ठरवून टाक.

आता यंत्रणेकडे वळू. टाकीच्या तळातून आत बसवलेल्या ज्या उपकरणाला आपले मिस्त्री सरसकट ‘फ्लोट’ म्हणतात, त्यात पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ गोळा किंवा डबी, तिला जोडलेली तारेची दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक लवचिक पाते असते. हे पाते अतिशय बारीक तारेच्या गुंडाळीवरून, किंवा काही उपकरणांत छापील पट्टीवरून, पुढेमागे सरकते. पेट्रोलची पातळी बदलली की पात्याची जागा बदलते, जागा बदलली की विजेच्या वाटेतला रोध बदलतो, आणि तो रोध पाहून मीटरमधला काटा आपली जागा घेतो. बहुतेक जपानी धाटणीच्या मोटारसायकलींत टाकी भरलेली असताना हा रोध दहा ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आणि रिकामी असताना शंभर ओहमच्या आसपास असतो. काही अमेरिकी आणि युरोपीय वाहनांत हाच क्रम उलटा आढळतो, म्हणून आपल्या गाडीचा क्रम कोणता हे ऐकीव माहितीवर न ठेवता स्वतः पडताळून पाहावे.

ही पडताळणी टाकीला हात न लावता होते, आणि या सबंध कामातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. टाकीखालून येणाऱ्या दोन तारांची जोडणी शोधून काढ आणि ती सोडव. किल्ली चालू कर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत काटा सावकाश रिकाम्याच्या खुणेवर जाईल. आता मीटरकडे जाणाऱ्या दोन तारांची टोके एका लहानशा तारेने क्षणभर जोड. काटा भरलेल्याच्या खुणेकडे निघाला की तार लगेच काढून घे, कारण ती तशीच धरून ठेवल्यास गेजच्या वेटोळ्यांस अपाय होण्याचा संभव असतो. काटा दोन्ही टोकांना जाऊन आला तर मीटर निर्दोष, मीटरपर्यंतची वायरिंग निर्दोष, आणि दुकानदाराची शिफारस निराधार. मग दोष टाकीत आहे. काटा हललाच नाही तर मात्र टाकी खाली उतरवण्याचे कारणच नाही. अशा वेळी मीटरला बारा व्होल्ट पोचतात की नाही ते पाहा, अर्थिंगची तार सांगाड्याला जेथे जोडलेली असते ती जागा खरवडून स्वच्छ कर, आणि जोडणीतल्या पितळी जिभा हिरवट कळकल्या आहेत काय ते तपास. काही गेजांतला काटा वीज तुटली तरी जागचा हलत नाही, अखेरच्या जागीच थिजून राहतो. तेव्हा तुझा निम्म्यावरचा काटा कदाचित केवळ वीज न मिळाल्याने तेथे थांबलेला असू शकेल, आणि ते खरे निघाले तर दुरुस्ती पॉलिश पेपरच्या एका तुकड्यावर भागेल. एक गोष्ट मात्र कधीही करू नकोस: फ्लोटच्या तारांना बॅटरीचे बारा व्होल्ट थेट लावून ‘चालतो का पाहू’ म्हणू नकोस. गेजमधून येणारा मर्यादित प्रवाहच सहन करण्यासाठी ती गुंडाळी केलेली असते.

फ्लोटच दोषी ठरला तर टाकी उतरवावी लागेल, आणि या ठिकाणी मी तुला विनंती नव्हे, आज्ञा करतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते, पायरीवरून खाली उतरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत जाऊन पोचते. उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते, यावरून आपल्या उन्हाळ्यात काय होत असेल ते समज. भरलेल्या, बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला जळण्यास पुरेशी हवा मिळत नाही. पण रिकामी करून उघडी ठेवलेल्या टाकीत वाफ आणि हवा यांचे नेमके घातक मिश्रण तयार होते, आणि म्हणून ‘आता रिकामीच आहे’ या समजुतीने टाकीजवळ निष्काळजीपणा करणे सर्वाधिक धोक्याचे. काम उघड्या अंगणात, दिवसाउजेडी कर. बॅटरीची ऋण तार आधी सोड. जवळपास देवघरातले निरांजन, स्वयंपाकघरातली शेगडी, विडी, यांपैकी काहीही पेटते नसावे. आणि पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात काढून तो डबा सावलीत दूर ठेव.

टाकी जाड गोधडीवर पालथी घाल, म्हणजे रंगास चरे पडणार नाहीत. फ्लोटच्या तबकडीवर आणि टाकीवर मिळून एक खूण करून ठेव. तबकडी उलटी बसली तर दांडी टाकीच्या भिंतीला अडते, आणि काटा निम्म्यावर अडकण्याचे तेही एक कारण असते. नट पाळीपाळीने ढिले कर, आणि दांडी न वाकवता, तिरपी करून, उपकरण अलगद बाहेर काढ.

प्रथम फ्लोटचा पोकळ गोळा कानाजवळ हलव. आत द्रव खळखळत असेल तर त्यास सूक्ष्म छिद्र पडले आहे. तो बुडतो, आणि काटा टाकी भरली तरी रिकाम्यावर राहतो. पितळी गोळा गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात आणि जागा कळते. पाणी आधी तापवून, शेगडीपासून दूर आणून मगच हे करावे. त्या छिद्राला डाख देण्याचा मोह तू टाळावास असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आत पेट्रोलचा अंश राहिला तर डाख देताना गोळा फुटतो. गोळा नवा घे.

तुझ्या बाबतीत गोळ्यापेक्षा गुंडाळीवर माझा संशय अधिक आहे. मल्टीमीटर ओहमवर ठेव. त्याच्या दोन तारा एकमेकींस टेकवून जो अल्प आकडा दिसेल तो पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा कर. मग तारा फ्लोटच्या जोडणीला लावून दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी संथपणे फिरव. आकडा सलग वाढला किंवा सलग उतरला पाहिजे. मध्येच तो नाहीसा होत असेल, तर तेथे तार तुटली आहे किंवा तिच्यावर मळ बसला आहे. कोणाकडे जुन्या पद्धतीचा, काट्याचा मीटर मिळाला तर तो माग. अंकी मीटर क्षणिक खंड पुष्कळदा गिळून टाकतो, पण काट्याची उडी डोळ्यांना लगेच दिसते. आपण बहुधा टाकी पूर्ण भरत नाही, शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून निघतो, त्यामुळे पाते वर्षानुवर्षे गुंडाळीच्या त्याच तुकड्यावर घासत राहते आणि झीज प्रथम तेथेच होते. शिवाय आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी धरून ठेवण्याची ओढ असते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी तळाशी उतरते आणि गंज व कळक यांना आमंत्रण मिळते. ज्या गाड्या या मिश्रणाचा विचार होण्यापूर्वी बनल्या, त्यांच्या रबरी वायसरांनाही त्याचा उपद्रव होतो.

मळ असेल तर विजेच्या जोडण्या साफ करण्याचा फवारा आणि मऊ ब्रश पुरेत. पॉलिश पेपर येथे अजिबात नको, कारण केसासारखी ती तार एका घासण्यात तुटेल. पाते ढिले पडले असेल तर त्याला बोटाच्या अग्राने किंचित बाक दे, म्हणजे ते गुंडाळीवर बेताने दाबून बसेल. तार तुटलीच असेल तर उपकरण बदलण्यावाचून उपाय नाही, आणि ते बदलण्यात कमीपणाही नाही. आता दोष तू आपल्या डोळ्यांनी पाहिला आहेस.

बसवताना रबरी वायसर नवाच घाल. साधे सिलिकॉन चोपडून गळती थांबवण्याचा प्रयत्न करू नकोस, ते पेट्रोलपुढे टिकत नाही. नट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळ. थोडेसे पेट्रोल घालून, खाली कोरडा कागद धरून गळती पाहा, आणि ती नाही अशी पूर्ण खातरजमा झाल्यावरच तारा जोड. त्यानंतर गाडी सरळ उभी करून मापाने एकेक लिटर घालीत जा आणि प्रत्येक लिटरला काटा कोठे येतो ते वहीत टिपून ठेव. मोटारसायकलची टाकी मधल्या सांगाड्यावर खोगिरासारखी बसते, तळाशी अरुंद आणि वर रुंद असते, म्हणून काटा सर्वत्र सारख्या वेगाने उतरणार नाही. तेवढ्याने दुरुस्ती चुकली असे मानू नये. रिकाम्याची खूण फारच चुकत असेल तर दांडीस अत्यल्प बाक देऊन ती सुधारता येते.

रविवारी काम काढलेस तर टाकीला हात लावण्यापूर्वीच्या कसोटीचा निकाल मला आधी फोनवर कळव. काटा दोन्ही टोकांना गेला की नाही, एवढेच सांग, म्हणजे पुढची तजवीज ठरवता येईल. आणि ओहमचे आकडे टिपलेला कागद मला पाठव. वडिलांना माझा नमस्कार सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा