शाळेचे घराला पत्र

वाचन : २ करिंथकरांस १:१२-१७, २:१७–३:३, ४:१-२

आपल्यापैकी अनेकांच्या मंडळीच्या आवारात किंवा शेजारी एक शाळा असेल. कित्येक ठिकाणी तर आधी शाळा निघाली आणि मागाहून मंडळी उभी राहिली. उन्हाळ्याची सुटी जवळ आली की अशा शाळेच्या कचेरीत एक काळजी वावरू लागते. पट घटलेला असतो, एखादी तुकडी बंद पडण्याची भीती असते, शिक्षक वस्त्यांतून दारोदार फिरत असतात. मग ठरते की यंदा एक चांगले माहितीपत्रक काढावे, ते घरोघर पोहोचवावे, म्हणजे पालक आकर्षित होतील.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळासमितीने हे काम माझ्याकडे दिले. पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आयुष्य गेलेल्या माणसाला दोन पानांचे पत्रक ते काय जड, असे सर्वांना वाटले, मलाही वाटले. मी मनापासून लिहिले. 'सर्वांगीण विकास', 'उज्ज्वल परंपरा', 'ख्रिस्ती मूल्यांवर आधारलेले संस्कार' हे सारे त्यात होते. समितीने वाचून मान डोलावली.

पत्रक वाटल्यानंतर आठवड्याभरात मी कचेरीत बसलो असताना बांधकामावर बिगारी काम करणारी एक आई आली. सोबत सहावीतला मुलगा आणि त्याच्यापेक्षा लहान मुलगी. मुलाने माझे पत्रक तिला वाचून दाखवले. तिने उभ्याउभ्या शेवटपर्यंत ऐकले आणि मग लेखनिकाला तीन गोष्टी विचारल्या. शाळा किती वाजता सुटते, कारण ती कामावरून सहाला परतते. दुपारचे जेवण मिळते का? आणि मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का?

तिन्ही प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर माझ्या पत्रकात नव्हते. तिसऱ्या प्रश्नाला लेखनिकाने मान खाली घातली. कडी दिवाळीपासून तुटलेली होती. "बरं, बघते," एवढे म्हणून ती गेली. पत्रक तिने नीट घडी घालून मेजावर ठेवले होते. तिची मुलगी आमच्या शाळेत आली नाही.

त्या रात्री मी करिंथकरांस दुसरे पत्र उघडले. ह्या पत्राचे भाषांतर तपासताना मी त्याच्याशी पुष्कळ झगडलो होतो. पण ते एका संस्थेने लोकांना कसे लिहावे ह्याविषयीही आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. करिंथच्या मंडळीत पौलाविषयी कुजबुज चालली होती. तो येतो म्हणाला आणि आला नाही. तो लिहितो एक आणि त्याच्या मनात असते दुसरे. ह्या आरोपाला उत्तर देताना तो १:१३ मध्ये सांगतो की, तुम्हांला जे वाचता येते आणि समजते त्याहून निराळे असे आम्ही काही लिहीत नाही. मूळ ग्रीकमध्ये येथे एक खेळ आहे. 'वाचणे' आणि 'पुरते ओळखणे' ही दोन्ही क्रियापदे 'जाणणे' ह्या एकाच क्रियापदापासून घडलेली आहेत. वाचले की ओळख पटावी आणि ओळखीच्या पलीकडे कागदामागे काही दडलेले नसावे, असा तो भाव आहे. मराठीत दोन निराळे शब्द वापरावे लागतात आणि तो धागा सुटतो. माझ्या पत्रकात मात्र तो भाषेमुळे सुटला नव्हता. त्या आईने सर्व ऐकले आणि तिला आमची शाळा ओळखता आली नाही.

आता २:१७ पाहा. आपण देवाच्या वचनाचा व्यापार करणाऱ्यांतले नाही, असे पौल म्हणतो. तेथील क्रियापद किरकोळ विक्रेत्याच्या, विशेषतः द्राक्षारस विकणाऱ्याच्या धंद्यावरून आलेले आहे. असा दुकानदार मालात पाणी घालतो हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. यशया १:२२ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात द्राक्षारसात पाणी मिसळणाऱ्यांसाठी हाच धंदेवाचक शब्द आलेला आहे. पाणी घातलेला द्राक्षारस हा निव्वळ खोटा द्राक्षारस नसतो, हे लक्षात घ्यावे. रंग तोच, वासही तोच. 'सर्वांगीण विकास' हे शब्द काही खोटे नव्हते. त्यांत पाणी फार होते.

ह्यावरून कोणी म्हणेल की शाळेने स्वतःची वाखाणणी करूच नये, प्रार्थना करावी आणि मुले येण्याची वाट पाहावी. मला हे पटत नाही. ३:१ मध्ये पौल विचारतो की, आम्ही पुन्हा स्वतःची शिफारस करू लागलो आहोत काय? शिफारसपत्रांची आपल्याला गरज नाही, कारण करिंथकर हेच त्याचे पत्र आहेत, सर्वांना वाचता येणारे. परंतु ४:२ मध्ये शिफारस करण्याचे तेच क्रियापद तो पुन्हा वापरतो, आणि ह्या वेळी स्वतःविषयी होकारार्थी. लाजेच्या गुप्त गोष्टी आम्ही टाकून दिल्या आहेत. सत्य उघड करून आम्ही प्रत्येक माणसाच्या विवेकापुढे स्वतःला मांडतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे लोकांना आपल्याकडे बोलावणे हे पाप नव्हे. प्रश्न आहे तो कशाच्या बळावर बोलवायचे हा. आणि शिफारस पोहोचवायची आहे ती विवेकापाशी, म्हणजे ज्याच्या आधारे माणूस निर्णय घेतो त्या ठिकाणी. त्या आईला निर्णय घ्यायचा होता.

सत्य उघड करणे हे ख्रिस्ती शाळेच्या बाबतीत कडीकोयंड्याहून अवघड होते ते आपल्या विश्वासाच्या प्रश्नावर. येथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. उच्चवर्णीय हिंदू घरांतील विधवा मुली तेथे येत होत्या. संस्थेत धर्मशिक्षणाची सक्ती होणार नाही, मुलींना आपले आचार पाळता येतील, असा शब्द होता. आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत, आणि दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, वृत्तपत्रांतून वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

ह्या प्रकरणात रमाबाईंनी फसवणूक केली असे मी मानीत नाही. स्वतःच्या खोलीचे दार लावून घेऊन प्रार्थना करावी, ही अपेक्षा त्यांच्यासारख्या स्त्रीला अपमानास्पदच वाटली असणार. पण पालकांचीही बाजू होती. 'सक्ती होणार नाही' ह्या शब्दांचा एका बाजूने 'आम्ही ढकलणार नाही' असा अर्थ घेतला आणि दुसऱ्या बाजूने 'मुलींच्या कानावर काही पडणारच नाही' असा घेतला. शब्द एक, अर्थ दोन. भाषांतराच्या मेजावर आम्ही रोज ह्याच संकटाशी झुंजतो. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी साधारण शिकलेल्या बायकांनाही समजावे म्हणून सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले; ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. ऐकणाऱ्याच्या कानात शब्दाचे काय होते ह्याचा एवढा ध्यास त्यांना का लागला असावा, ह्याचा विचार करताना १८९३ साल माझ्या मनात येते. हा माझा केवळ तर्क आहे.

आज हा विषय केवळ सद्भावनेवर सोडलेला नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर अनुच्छेद २८ (३) सांगतो की, राज्याने मान्यता दिलेल्या अथवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत जाणाऱ्या कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हावे लागणार नाही. मूल अज्ञान असेल तर ही संमती पालकाची. आपण पहिला अनुच्छेद भाषणांतून पुष्कळ उच्चारतो, दुसरा क्वचितच. पण संमती द्यायची तर आधी माहिती हवी. आपल्या शाळेत सकाळची प्रार्थना कोणती होते, शास्त्राचा तास आहे काय, असल्यास त्या वेळी इतर मुले काय करतात, हे पत्रकात साध्या शब्दांत लिहावे. 'संस्कार' ह्या शब्दाआड आपला प्रभू लपवू नये. हे लिहिल्यास मुले येणार नाहीत अशी भीती समितीत व्यक्त होते. मीही ती अनुभवली आहे. पण जे कुटुंब जाणून येते त्याला पुढे आपण फसलो असे वाटत नाही. उलट नंतर कळले तर जातो तो आपला शब्द, आणि त्याच्याबरोबर आपल्या साक्षीचा आधार.

माहिती देणे हे प्रवेशाच्या दिवसांपुरते काम नव्हे. इफिसकरांस ६:२१-२२ आणि कलस्सैकरांस ४:७-८ ही वचने शेजारी ठेवून वाचा. पौल तुखिकाला पाठवतो ते पत्र पोहोचवण्याबरोबरच आपले कसे चालले आहे हे सांगण्यासाठी, आणि त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या मनाला धीर यावा म्हणून. एवढा थोर सिद्धांत कागदावर उतरवल्यावरही रोजची खबर देणारा माणूस हवाच, असे त्याला वाटले. शाळेचा तुखिक कोण? महिन्याचे एक पानी पत्र असेल, फाटकाशेजारचा फळा असेल, पालकांच्या मोबाईलवर जाणारा निरोप असेल. साधन कोणतेही चालेल. बस उशिरा का आली, कोणत्या वर्गाला शिक्षक मिळालेले नाहीत, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हापर्यंत भरायचा, हे वेळेवर कळले की घरातील अर्धी धास्ती जाते. आणि ठरलेले बदलले तर कारणही सांगावे. पौलाने प्रवासाचा बेत बदलला त्याचे कारण तो १:२३ पासून सविस्तर देतो. 'काही अपरिहार्य कारणास्तव' एवढ्यावर भागवीत नाही.

भाषेविषयी थोडेच सांगतो. नहेम्याच्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र वाचले गेले ते पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना समजत होते अशा सर्वांसमोर, आणि लेव्यांनी अर्थ फोडून सांगितला. लोक आनंदाने परतले ते समजले म्हणून, हे बाराव्या वचनात स्पष्ट आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या वाचकांच्या शाळांत अनेक घरांची भाषा मराठी नसेल. त्या घरांना त्यांच्या भाषेत पत्र जावे. महाराष्ट्रातील आपल्या काही शाळा मराठी घरांना इंग्रजीत सूचना धाडतात आणि त्याला दर्जा म्हणतात. ज्या आजीच्या हाती ती सूचना पडते तिला ती नातवाकडून वाचून घ्यावी लागते, आणि नातू स्वतःविषयीची तक्रार गाळून वाचतो हे आपणांस ठाऊक आहेच.

मुलांविषयी लिहिताना मात्र उघडेपणाला मर्यादा आहे. शाळेची कामगिरी दाखवण्यासाठी आपण एखाद्या मुलीचे छायाचित्र छापतो, तिच्या घरची दारू आणि दारिद्र्य वर्णन करतो. देणगीदार हळहळतात, आणि ती मुलगी वर्गात मान वर करीत नाही. याइराच्या मुलीला उठवताना प्रभूने गर्दीला बाहेर काढले, आईबापांना आत घेतले, आणि झालेले कोणाला कळू नये अशी ताकीद दिली (मार्क ५:४०-४३). मग तिला खायला द्यायला सांगितले. ज्या गोष्टीची सर्वत्र दवंडी पिटता आली असती ती त्याने त्या घराची गोष्ट म्हणून राखली. आईबापांची संमती आणि मुलाचा मान, हे दोन्ही नसतील तर ती हकिकत कितीही हृदयस्पर्शी असो, छापू नये.

त्या वर्षी आम्ही कडी बसवली. सुताराला अर्धा तास लागला. मला पत्रक पुन्हा लिहायला तीन आठवडे लागले. नव्या पत्रकाची पहिली ओळ शाळा किती वाजता भरते आणि किती वाजता सुटते ही होती. पालक उशिरा येणार असतील तर मुले सहापर्यंत कोणाच्या देखरेखीखाली बसतील, ही दुसरी. आणि ती लिहिण्यासाठी आधी तशी व्यवस्था करावी लागली. अनुदानित शाळा असल्याने पहिली ते आठवीला दुपारचा आहार मिळतो हे लिहिले. सकाळच्या प्रार्थनेविषयी चार वाक्ये लिहिली. तक्रार कोणाकडे करावी हेही लिहिले. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे हे लिहावे की नाही ह्यावर समितीत तासभर वाद झाला. एका वडील सभासदांनी विचारले, "आपणच आपली उणीव छापायची?" शेवटी ते वाक्य राहिले.

पट त्या वर्षी वाढला नाही. आणखी चारने घटला. ऑगस्टमध्ये एक पालक पत्रकाची घडी खिशातून काढीत कचेरीत आले आणि गणिताचे शिक्षक आले का, असे विचारू लागले. पुढच्या महिन्याच्या पत्रात आम्हांला पहिल्याच ओळीत लिहावे लागले की अजून नाही, मुख्याध्यापक स्वतः तो तास घेत आहेत.